कोल्हापूर ते तिरुपती विमानाने: अंतर नेमके किती आणि वेळ नेमका किती धरावा?

प्रश्न: पंचगंगाकाठ

नमस्कार. येत्या मार्गशीर्षात आईवडिलांना घेऊन तिरुपतीला जाण्याचे ठरत आहे. आईचे वय ७१ आणि वडिलांचे ७६ आहे. आजवर आम्ही नेहमी हरिप्रिया एक्सप्रेसने गेलो. मिरज, बेळगाव, हुबळी, बळ्ळारी, गुंतकल असा तो ओळखीचा प्रवास आहे, परंतु त्यात जवळजवळ एक दिवस गाडीत जातो आणि आईच्या गुडघ्यांना तो आता झेपत नाही. बालाजीचे दर्शन घेऊन आल्यावर अंबाबाईच्या पायांशी गेल्याशिवाय यात्रा पूर्ण होत नाही, असे आमच्या घरात मानतात. त्यामुळे आम्हा कोल्हापूरकरांना परतीचा दिवसही नीट आखावा लागतो.

या वेळी विमानाने जावे असे मनात आहे. मात्र माहिती शोधू लागल्यावर गोंधळ वाढला. एका ठिकाणी अंतर ६५७ किलोमीटर दिले आहे, दुसऱ्या ठिकाणी ६५२, तिसऱ्या ठिकाणी ४०८ आणि चौथ्या ठिकाणी ३५५. वेळेचेही तसेच आहे. एक संकेतस्थळ ४९ मिनिटे सांगते, दुसरे १ तास १९ मिनिटे सांगते, आणि तिकिटांच्या पानावर सुटण्याची व पोहोचण्याची वेळ पाहिली तर फरक पावणेदोन तासांचा निघतो. अंतर एकच असताना इतके आकडे कसे निघतात? तीनशे रुपयांच्या विशेष प्रवेश दर्शनाची वेळ आगाऊ घ्यावी लागत असल्याने मी कोणता आकडा प्रमाण मानावा, हे जाणकारांनी कृपया सांगावे. आईला विमानात प्रत्यक्ष किती वेळ बसून राहावे लागेल, हाही माझ्या दृष्टीने महत्त्वाचा प्रश्न आहे.

उत्तर १: भूगोल_शिक्षक

आपण दिलेले अंतराचे चारही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत. ते वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत, म्हणून वेगळे दिसतात.

कोल्हापूरचे विमानतळ उजळाईवाडीला आहे आणि तिरुपतीचे रेणिगुंट्याजवळ आहे. उजळाईवाडीचे स्थान साधारण १६.६६ अंश उत्तर अक्षांश आणि ७४.२९ अंश पूर्व रेखांश असे आहे, तर रेणिगुंट्याच्या विमानतळाचे १३.६३ अंश उत्तर आणि ७९.५४ अंश पूर्व असे आहे. म्हणजे आपल्याला सुमारे ३ अंश दक्षिणेकडे आणि सव्वापाच अंश पूर्वेकडे जायचे आहे. अक्षांशाचा एक अंश सुमारे १११ किलोमीटरांचा असतो. रेखांशाचा अंश मात्र विषुववृत्तापासून दूर जाऊ तसा आखूड होत जातो आणि या भागात तो सुमारे १०७ किलोमीटरांचा भरतो. दक्षिणेकडचे सुमारे ३३७ आणि पूर्वेकडचे सुमारे ५६४ किलोमीटर या दोन बाजू धरून काटकोन त्रिकोणाचा कर्ण काढला, तर उत्तर ६५७ येते. पृथ्वीच्या गोल पृष्ठभागावरील सर्वांत आखूड वाट काढण्याचे काटेकोर सूत्र वापरले तरी इतक्या थोड्या अंतरात उत्तर बदलत नाही. नववीचा विद्यार्थी वहीत हे गणित करू शकतो, आणि मी ते वर्गात करून घेतलेलेही आहे.

६५२ हा आकडा शहरांच्या मध्यांमधला आहे. उजळाईवाडी कोल्हापूर शहराच्या आग्नेयेला, म्हणजे तिरुपतीच्याच दिशेला आहे. परंतु रेणिगुंट्याचे विमानतळ तिरुपती शहराच्याही पूर्वेला, त्याच दिशेने आणखी पुढे आहे. एका टोकाला वाचते त्यापेक्षा दुसऱ्या टोकाला जास्त वाढते, म्हणून विमानतळांमधले अंतर शहरांमधल्या अंतरापेक्षा ५ किलोमीटरांनी अधिक भरते.

४०८ हे जमिनीवरचे मैल आहेत, कारण एक मैल म्हणजे १.६०९ किलोमीटर. ३५५ हे सागरी मैल आहेत. सागरी मैल १,८५२ मीटरांचा असतो आणि तो मुळात अक्षांशाच्या एका कलेइतका, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाइतका कल्पिलेला आहे. जहाजांनी तो स्वीकारला, पुढे विमानांनीही स्वीकारला. वैमानिकाच्या कागदावर आपल्याला ३५५ हाच आकडा दिसेल. संकेतस्थळे बहुधा एककाची खूण बारीक अक्षरात देतात आणि वाचणारा ३५५ किलोमीटर समजून बसतो. 

नकाशावर ही रेघ ओढून पाहण्यासारखी आहे. उजळाईवाडीहून निघालेली सरळ रेघ बदामीच्या अगदी जवळून जाते, पुढे हंपीपासून दहाएक किलोमीटरांच्या आत येते, बळ्ळारी शहराच्या जवळजवळ डोक्यावरून जाते आणि अनंतपूरला वळसा न घालता तिरुमलाच्या शेषाचलम डोंगरांकडे पोहोचते. चालुक्यांची बदामी आणि विजयनगरची हंपी या दोन राजधान्या एकाच रेघेवर याव्यात, हे मला फार आवडले. हवा स्वच्छ असेल तर उजव्या बाजूच्या खिडकीतून तुंगभद्रेच्या धरणाचे पाणी दिसू शकते. आईवडिलांना त्या बाजूच्या जागा मिळाल्या तर पाहावे.

रेल्वे याच प्रदेशातून जाते, परंतु तिला हुबळी, गदग, गुंतकल, कडप्पा असा वळसा घ्यावा लागतो. त्यामुळे तिचे अंतर नऊशे किलोमीटरांच्या घरात जाते. बेंगळुरूमार्गे मोटारीने गेल्यास ते साडेआठशेच्या वर भरते.

उत्तर २: धावपट्टीजवळचा

मी अनेक वर्षे विमानतळांवर उड्डाणांच्या वेळा सांभाळण्याचे काम केले आहे, म्हणून वेळेच्या भागाचे उत्तर देतो. अंतराचे उत्तर शिक्षकांनी दिलेच आहे.

४९ मिनिटे कशी निघतात, ते आधी पाहू. अशी संकेतस्थळे कोणतेही विमान ताशी ५०० मैल, म्हणजे सुमारे ८०५ किलोमीटर वेगाने उडते असे गृहीत धरतात. ६५७ ला ८०५ ने भागले की ४९ मिनिटे येतात. त्यात उड्डाण आणि उतरणे यांसाठी सरसकट अर्धा तास मिळवला की १ तास १९ मिनिटे होतात. आपण पाहिलेली दोन्ही संकेतस्थळे एकच गणित करत आहेत, फक्त एकाने अर्धा तास मिळवला आहे आणि दुसऱ्याने मिळवलेला नाही. या मार्गावर कोणते विमान उडते, याची चौकशी दोघांनीही केलेली नाही.

लहान शहरांना स्वस्त विमानसेवेने जोडणाऱ्या सरकारच्या उडान योजनेखाली कोल्हापूर आणि तिरुपती यांच्यातली थेट सेवा २०१९ मध्ये सुरू झाली, तेव्हा तिच्यासाठी एटीआर ७२ हे पंख्याचे विमान वापरले गेले. हे विमान सरळ उड्डाणात ताशी सुमारे ५०० किलोमीटरांनी जाते. त्याच्यासाठी ६५७ किलोमीटर म्हणजे ७९ मिनिटे झाली, आणि ही सुद्धा विमान पहिल्या क्षणापासून पूर्ण वेगात आहे असे मानून. प्रत्यक्षात चढताना त्याचा वेग बराच कमी असतो. उतरण्यापूर्वी तो पुन्हा कमी करावा लागतो, आणि दोन्ही टोकांना धावपट्टीच्या दिशेशी जुळवून घेण्यासाठी वळसा पडतो. यात आठ ते दहा मिनिटे जातात.

वळशाचे थोडे सविस्तर सांगतो, कारण उशिराची कारणे येथेच सापडतात. कोल्हापूरच्या धावपट्टीची टोके ०७ आणि २५ अशी आहेत. याचा अर्थ विमान एका बाजूने सुटले तर त्याचे तोंड होकायंत्राच्या सुमारे ७० अंशांकडे, म्हणजे पूर्व-ईशान्येकडे असते, आणि दुसऱ्या बाजूने सुटले तर २५० अंशांकडे, म्हणजे पश्चिम-नैर्ऋत्येकडे असते. तिरुपती येथून सुमारे १२० अंशांवर आहे. वारा पूर्वेचा असेल तर विमान ०७ वरून सुटते आणि उजवीकडे ५० अंश वळले की वाटेला लागते. वारा पश्चिमेचा असेल, जसा पावसाळ्यात असतो, तर विमानाला वाऱ्याच्या समोर, म्हणजे तिरुपतीकडे जवळजवळ पाठ करून सुटावे लागते आणि मग १३० अंश वळावे लागते. तिरुपतीची धावपट्टी ०८ आणि २६ आहे. वायव्येकडून आलेले विमान ०८ वर उतरणार असेल तर काम सोपे होते. २६ वर उतरायचे असेल तर धावपट्टी ओलांडून पूर्वेकडे जावे लागते आणि परत फिरून पश्चिमेकडे तोंड करून उतरावे लागते. शिवाय विमानतळाची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे १०७ मीटर आहे आणि जवळच तिरुमलाचा डोंगर आठशे मीटरांहून उंच आहे, त्यामुळे त्या बाजूने खाली येताना सुरक्षित उंची राखावीच लागते.

आता जमिनीवरची मिनिटे. विमानाच्या चाकांना लावलेले ठोकळे काढून ते जागेवरून हलते, त्या क्षणापासून मुक्कामी पुन्हा ठोकळे लागेपर्यंतच्या काळाला ब्लॉक टाइम म्हणतात. तिकिटावर छापलेल्या दोन वेळांमधला फरक म्हणजे हाच ब्लॉक टाइम. लहान विमानतळांवर धावपट्टीला समांतर असा टॅक्सीमार्ग अनेकदा पूर्ण लांबीचा नसतो. विमानाला धावपट्टीवरूनच टोकापर्यंत जावे लागते आणि तेथे वळून उड्डाण घ्यावे लागते. तेवढा वेळ दुसरे विमान उतरू शकत नाही. सुटताना आठ मिनिटे, हवेत ७९ आणि वळशांची दहा, पोहोचल्यावर पाच, अशी मांडणी केली की १०२ मिनिटे होतात. वेळापत्रक आखणारे त्यात थोडी मोकळीक ठेवतात. अशा रीतीने आपल्याला दिसलेले पावणेदोन तास तयार होतात.

म्हणून विमानासाठी पावणेदोन तास हाच आकडा धरावा. आईला जागेवर बसण्याचा काळ याहून किंचित जास्त, साधारण दोन तासांचा होईल, कारण प्रवासी आत बसल्यावर दार लागेपर्यंतही काही मिनिटे जातात. एटीआरमध्ये प्रवाशांचे दार मागच्या बाजूला असते आणि विमानाची बैठक जमिनीपासून फार उंच नसते, त्यामुळे मोठ्या जेट विमानाच्या मानाने चढायला पायऱ्या कमी असतात. स्वच्छतागृहही बहुधा मागेच असते. गुडघ्यांचा त्रास असलेल्या व्यक्तीसाठी मागच्या रांगांतील जागा अधिक सोयीची पडते. चाकांची खुर्ची हवी असल्यास तिची नोंद तिकीट काढतानाच करावी.

पुन्हा प्रश्न: पंचगंगाकाठ

दोघांचेही मनापासून आभार. गोंधळ पुष्कळ कमी झाला. आणखी दोन शंका आहेत. पहिली, या मार्गावर जेट विमान मिळाले तर वेळ निम्मा होईल का? दुसरी, जाताना आणि येताना वेळ सारखाच लागतो का, की वाऱ्यामुळे फरक पडतो?

उत्तर ३: धावपट्टीजवळचा

निम्मा होणार नाही. जेट विमान ताशी ८३० किलोमीटरांनी गेले असे मानले, तर ६५७ किलोमीटरांना सुमारे ४८ मिनिटे लागतील. एटीआरच्या ७९ मिनिटांशी तुलना केली तर ३१ मिनिटे वाचतात. परंतु जमिनीवरची मिनिटे, वळसे आणि वेळापत्रकातली मोकळीक तशीच राहते. त्यामुळे पावणेदोन तासांचा सव्वा तास होईल. दिल्ली किंवा कोलकात्याइतक्या लांबच्या प्रवासात जेटचा फायदा मोठा असतो, साडेसहाशे किलोमीटरांत तो अर्ध्या तासाच्या पुढे जात नाही. पंख्याचे विमान मात्र इंधन बरेच कमी घेते, म्हणून अशा मार्गांवर कंपन्या ते पसंत करतात.

कोल्हापूरच्या बाबतीत धावपट्टीचाही प्रश्न होता. हे विमानतळ छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात १९३९ मध्ये उभे राहिले. अगदी अलीकडेपर्यंत येथील धावपट्टी १,३७० मीटरांची होती. ती २०२२ मध्ये १,९३० मीटरांपर्यंत वाढली आणि मार्च २०२४ मध्ये नव्या टर्मिनल इमारतीचे उद्घाटन झाले. विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर असल्याने हवा विरळ असते. एप्रिल-मेच्या दुपारी ती आणखी विरळ होते आणि विमानाला हवेत उठण्यासाठी जास्त लांब धावावे लागते. १,३७० मीटरांत एटीआर बसत होते, तरी भर उन्हाळ्यात वजनाचा विचार करावाच लागत असे. धावपट्टीची प्रत्येक वाढ म्हणजे कोल्हापूरला एखादे नवे गाव जोडले जाण्याची शक्यता असते, म्हणून मला या ५६० मीटरांचे मोल फार वाटते.

वाऱ्याचे उत्तर भूगोलाचे शिक्षक अधिक चांगले देतील.

उत्तर ४: भूगोल_शिक्षक

वाऱ्यामुळे फरक पडतो, आणि तो आकड्यांत सांगता येतो. विमानाचा स्वतःचा वेग ताशी ५०० किलोमीटर आहे आणि मागून ताशी ४० किलोमीटरांचा वारा आहे असे समजा. जमिनीच्या हिशेबाने वेग ५४० होईल आणि ६५७ किलोमीटर ७३ मिनिटांत संपतील. तोच वारा परतीच्या वेळी समोरून आला तर वेग ४६० राहील आणि सुमारे ८६ मिनिटे लागतील. एका बाजूला सहा मिनिटे वाचली आणि दुसऱ्या बाजूला सात मिनिटे वाढली. जाऊन-येऊन वारा कधीच पूर्णपणे फिटत नाही, कारण समोरच्या वाऱ्यात विमान अधिक वेळ अडकून राहते.

दख्खनवर जून ते सप्टेंबर या काळात खालच्या थरांत नैर्ऋत्येचे आणि पश्चिमेचे वारे जोरात वाहतात, तर फार उंचावर, जेट विमानांच्या थरात आणि त्याच्याही वर, पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारा प्रवाह असतो. एटीआरला पंचवीस हजार फुटांच्या वर जाण्याची परवानगीच नाही, त्यामुळे तो वरचा प्रवाह त्याच्या वाट्याला येत नाही. परिणाम असा होतो की पावसाळ्यात एकाच मार्गावरून एकाच दिवशी जाणाऱ्या दोन विमानांना, केवळ उंची वेगळी असल्यामुळे, उलट दिशांचे वारे लागू शकतात. आपण मार्गशीर्षात जाणार आहात. तेव्हा हवा शांत असते, म्हणून जाण्यायेण्यात पाच-दहा मिनिटांपेक्षा जास्त फरक धरू नये.

उत्तर ५: इचलकरंजीची_यात्रेकरू

मी हा प्रवास विमानाने केला आहे, म्हणून घरापासून दर्शनाच्या रांगेपर्यंतचा हिशेब सांगते. आईवडिलांना घेऊन जाणाऱ्याला त्याचा उपयोग होईल असे वाटते.

कोल्हापूर शहरातून उजळाईवाडीला जायला अर्धा तास पुरतो. आमच्या इचलकरंजीहून एक तास लागतो. बहुतेक कंपन्यांची चेक-इनची खिडकी विमान सुटण्याच्या एक तास आधी बंद होते, त्यामुळे वयस्कर माणसे बरोबर असतील तर दोन तास आधी पोहोचणे बरे. त्यानंतर विमानाचे पावणेदोन तास. उतरून सामान मिळेपर्यंत वीस-पंचवीस मिनिटे जातात. विमानतळापासून तिरुपती शहर सुमारे पंधरा किलोमीटर आहे, आणि तेथून पुढे अलिपिरीच्या नाक्यावर तपासणी होऊन घाट चढावा लागतो. वर जाण्याचा आणि खाली येण्याचा रस्ता वेगवेगळा आहे. घाटात वाहनांनी वेग वाढवू नये म्हणून देवस्थानाने प्रवासाला किमान वेळ ठरवून दिलेली आहे आणि ती नाक्यांवर तपासली जाते, त्यामुळे ड्रायव्हरला घाई करायला सांगून काही साधत नाही. विमानतळावरून तिरुमलावर खोलीत पोहोचेपर्यंत मी दीड ते दोन तास धरते. सगळी बेरीज सहा तासांच्या पुढे जाते. विमान अर्ध्या तासाने वेगवान असो की मंद असो, या सहा तासांत त्याने फार बदल होत नाही. तरीही हरिप्रियेच्या वीसहून अधिक तासांपुढे सहा तास म्हणजे आईच्या गुडघ्यांना खरोखर मोठा दिलासा आहे.

दर्शनाची वेळ त्याच दिवसाची घेऊ नये, असे मी कळकळीने सांगेन. आम्ही एकदा पावसाळ्यात परत येत होतो. कोल्हापूरवर ढग इतके खाली उतरले होते की विमान दोनदा घिरट्या घालून दुसऱ्या विमानतळावर गेले. तेथून बसने रात्री उशिरा घरी पोहोचलो. वडील बरोबर होते, त्यांची औषधे सामानात खाली ठेवलेली होती आणि ती वेळेवर देता आली नाहीत, याचे मला आजही वाईट वाटते. तेव्हापासून औषधे, पाण्याची बाटली आणि थोडे खाणे मी हातातल्या पिशवीतच ठेवते. आपला प्रवास मार्गशीर्षात असल्याने पावसाची अडचण येणार नाही, पण सकाळच्या धुक्याचा विचार करावा. डिसेंबर-जानेवारीत वैकुंठ एकादशी येते. तिच्या आगेमागे तिरुमलावर अलोट गर्दी असते. ज्येष्ठांना घेऊन जायचे असेल तर ते दिवस टाळावेत.

थेट विमानाचे दिवस आणि वेळा तारीख ठरवण्यापूर्वी एकदा नक्की पाहून घ्याव्यात. विमान कंपन्यांचे हिवाळी वेळापत्रक ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी आणि उन्हाळी वेळापत्रक मार्चच्या शेवटच्या रविवारी बदलते. ऑगस्टमध्ये पाहिलेली वेळ डिसेंबरला लागू होईलच असे नाही.

उत्तर ६: धावपट्टीजवळचा

ताईंनी फार उपयोगी लिहिले आहे. त्याला दोन गोष्टी जोडतो, कारण अंतर आणि वेळ हे आकडे केवळ माहितीपुरते नसतात. प्रवाशाचे पैसे आणि हक्क त्यांच्यावर ठरतात.

उडान योजनेत सवलतीच्या जागांचे भाडे अंतरावरून ठरवले गेले. सुमारे ५०० किलोमीटरांच्या, तासाभराच्या विमानप्रवासाला २,५०० रुपये असा पाया धरून, अंतर वाढेल त्या प्रमाणात कमाल भाडे वाढत गेले. म्हणजे ६५७ हा आकडा कोणाच्या तरी खिशाशी थेट जोडलेला होता. या सवलतीपोटी सरकारकडून कंपनीला मिळणारी भरपाईची रक्कम तीन वर्षांपुरती असते. ती मुदत संपल्यावर मार्ग टिकवायचा की नाही हे प्रवासीसंख्येवर ठरते. कोल्हापूरकरांना काही मार्ग सुरू होऊन बंद पडलेले आठवत असतील, त्यामागे हेही एक कारण असते. टाळेबंदीनंतर मे २०२० मध्ये देशांतर्गत विमाने पुन्हा सुरू झाली, तेव्हा सरकारने भाड्याच्या किमान आणि कमाल मर्यादा घातल्या. त्या वेळी आधार अंतराचा नव्हता, उड्डाणाच्या मिनिटांचा होता: ४० मिनिटांपेक्षा कमी, ४० ते ६०, ६० ते ९०, असे सात गट केले होते. ही व्यवस्था ऑगस्ट २०२२ अखेर संपली.

दुसरी गोष्ट आजही लागू आहे. पुरेशी पूर्वसूचना न देता कंपनीने विमान रद्द केले, तर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमाप्रमाणे भरपाई ब्लॉक टाइमवरून ठरते. एका तासापर्यंतच्या प्रवासाला कमाल ५,००० रुपये, एक ते दोन तासांच्या प्रवासाला ७,५०० आणि दोन तासांवरील प्रवासाला १०,००० रुपये. मूळ एकेरी भाडे व इंधन शुल्क यांची बेरीज यापेक्षा कमी असेल तर तेवढीच रक्कम मिळते. आपला पावणेदोन तासांचा प्रवास मधल्या गटात मोडतो. हवामानासारख्या कंपनीच्या हाताबाहेरच्या कारणांसाठी ही भरपाई नसते. आणि अडीच तासांपर्यंतच्या ब्लॉक टाइमच्या विमानाला दोन तास किंवा त्याहून अधिक उशीर होणार असेल, तर वेळेवर विमानतळावर आलेल्या प्रवाशाला खाण्यापिण्याची सोय करून देणे कंपनीवर बंधनकारक आहे. वडिलधारी माणसे बरोबर असताना हे माहीत असावे आणि खिडकीवर शांतपणे मागावे.

उत्तर ७: भूगोल_शिक्षक

थेट विमानाचा दिवस जुळला नाही तर काय, याचाही हिशेब करून ठेवला आहे. हैदराबादमार्गे गेल्यास कोल्हापूर ते शमशाबाद (हैदराबादचे विमानतळ) सुमारे ४४५ किलोमीटर आणि शमशाबाद ते रेणिगुंटा सुमारे ४१८, असे एकूण ८६३ किलोमीटर होतात, म्हणजे थेट मार्गापेक्षा २०६ अधिक. हवेतला वेळ त्यामुळे फार वाढत नाही, परंतु मधले थांबणे, दोनदा चढणे आणि दोनदा उतरणे यांत अर्धा दिवस जातो. बेंगळुरूमार्गे हवाई अंतर ५३२ आणि २०४ मिळून ७३६ भरते. बेंगळुरूहून पुढे मोटारीने जाणारेही पुष्कळ आहेत, पण तो सुमारे अडीचशे किलोमीटरांचा रस्ता आहे आणि मातोश्रींच्या गुडघ्यांचा विचार करता मी तो सुचवणार नाही.

समारोपाचे उत्तर: पंचगंगाकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. घरी वहीवर शिक्षकांचे गणित करून पाहिले, वडिलांनी शेजारी बसून बेरीज तपासली आणि ६५७ आले. त्यांनी आयुष्यभर दुकानाचे हिशेब केले आहेत, त्यामुळे त्यांना विमानापेक्षा या बेरजेतच अधिक रस वाटला.

आता असे ठरवले आहे की थेट विमानाचा दिवस पाहूनच तारीख निश्चित करायची. पहिल्या दिवशी फक्त पोहोचायचे, दर्शनाची वेळ दुसऱ्या दिवशी दुपारची घ्यायची, वैकुंठ एकादशीचा आठवडा सोडून द्यायचा, मागच्या रांगेतल्या उजव्या बाजूच्या जागा मागायच्या आणि आईसाठी चाकांच्या खुर्चीची नोंद आधीच करायची. परतीच्या दिवशी संध्याकाळी अंबाबाईला जायचे होते, ते आता दुसऱ्या दिवशी सकाळी ठेवले आहे, म्हणजे विमानाला उशीर झाला तरी आईची ओटी चुकणार नाही. तुंगभद्रेचे पाणी दिसले की नाही, ते परत आल्यावर येथेच कळवीन.